उजवी बाजू मोकळी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. डिचोलीच्या बाजारात, शिगम्याच्या मिरवणुकीत, माईक तोंडाला लावून मी गुणाजीची जोडी पुरी केली. ऐकायला हे पुण्याचं काम वाटतं. मलाही तेव्हा वाटलं होतं. गुणाजीने कमरेचा लाकडी घोडा सोडला, रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि तो चालता झाला. तो पाठमोरा जात असताना मी माईकवरून एक विनोदही केला. लोक खूप हसले. तो विनोद इथे लिहिणार नाही. आठवला की मला अजून स्वतःची चीड येते.

पण गुणाजी कसा होता हे माहीत नसेल तर यातलं काही कळायचं नाही.

गुणाजी लाटंबार्सेचा. मुळगावच्या बाजूला एका खाणीवर ट्रकचा क्लीनर. उंच, वाळका, भुवया एकमेकीत गुंतलेल्या, आणि अंगावर खनिजाची अशी लाली चढलेली की आंघोळ करून आला तरी गंजल्यासारखा दिसायचा. इतरांना राग येतो आणि जातो. गुणाजी रागातच राहायचा, जसे आपण गावात राहतो. पोदेराने पाव थंड आणला की राग, गरम आणला की बोटं भाजली म्हणून राग.

त्याच्या चालण्याची एक गंमत साऱ्या बाजाराला ठाऊक होती. तो नेहमी रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचा आणि उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा सोडायचा. त्या जागेत कोणी शिरला की संपलंच.

"ए! जागा असा ती!"

"जागा कोणाची रे गुण्या?"

"तुझी नाय मां? मगे भायर!"

बुधवारच्या बाजाराला त्याची बायको शेवंती डोक्यावर तांबड्या भाजीची टोपली घेऊन यायची. ती त्याच्या बरीच मागे, मान खाली घालून चालायची. गुणाजी दर थोड्या वेळाने गर्रकन वळायचा आणि सगळा बाजार दचकेल असा ओरडायचा, "शेवंते! टायर पंक्चर झालो काय गो तुझो? ये मगो पुढे!" ती आणखी मागे राहायची. आम्ही दुकानदार एकमेकांकडे बघायचो. बिचारीच्या नशिबी काय राक्षस आलाय, असं मीच माझ्या बायकोला सांगितलं होतं. त्याच तोंडाने मी बायकोकडे चहा मागितला होता.

बाजारात माझं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान. लग्न, जत्रा, गणपती, नाटक, सभा, जिथे चार माणसं जमतील तिथे माझा कर्णा झाडाला बांधलेला. माईक माझा म्हणून बोलायचा मानही हळूहळू माझ्याकडेच आला. गुणाजी मला नावाने कधी हाक मारत नसे. तो म्हणायचा, "भोंग्या."

गुणाजी नाचायचा. तो फक्त रस्त्यावर नाचायचा. रंगमंचाबद्दल त्याचं मत असं की, "ता फळ्यार चढान नाचणा म्हणजे ट्रक घरात चालवणा." आधी तो गावच्या घोडेमोडणीत होता. आमच्याकडे शिगम्यात लाकडी घोड्याचं तोंड आणि धड कमरेला बांधतात, डोक्याला फेटा, हातात तलवार, आणि ढोल-ताशावर घोडेस्वार नाचत जातात. हे घोडे जोडीने नाचतात. बाजूला जोडीदार नसलेला घोडा आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. गावच्या मेळातून, म्हणजे नाचपथकातून, गुणाजीला काढलं, कारण त्याने ढोलवाल्याला भर देवळासमोर विचारलं, "तू माका नाचयतंस काय मी तुका?" आणि उत्तराची वाट न बघता ढोलात लाथ घातली.

मग तो कुठेही नाचायला लागला. लग्नाच्या वरातीत, विसर्जनात, फुटबॉलचा सामना जिंकून येणाऱ्या पोरांच्या पुढे. कोणाची वरात आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. माझा कर्णा तिथे असायचा, म्हणून मी ते सगळं पाहिलं. तो दिसेल त्याची चाल पायात घ्यायचा. खेकडा घेतला, फेरीबोटीतून उतरणारी म्हातारी घेतली, चढावावर सायकलवरून उतरून चालणारा पोदेर घेतला. लोक ओळखायचे, शिट्ट्या मारायचे. दारू प्यालेल्या आमदाराची चाल घेतली त्या दिवशी तर माझा एक कर्णा गर्दीत मोडला.

एकदा असाच नाचून तो दुकानात आला आणि बाकावर न बसता माझ्यावर भडकला. "भोंग्या, हे सगळे पाय लोकांचे रे. मेळान दिलेले तेय लोकांचे, मी चोरलेले तेय लोकांचे. माझे पाय खंय?"

मी म्हटलं, "मग स्वतः बसव की एखादा नाच."

चांगल्या मनाने बोललो होतो. गुणाजीने टेबलावर अशी थाप मारली की माझी सोल्डर करायची इस्त्री तापलेल्या टोकानिशी खाली पडली.

"बसयतत ती कोंबडेक! अंड्यांर! नाच बसयतत? बसलेलो नाच खंय बघलंस तू? नाच उठयतत!"

तेव्हापासून 'बसवला' हा शब्द त्याच्यासमोर उच्चारायची सोय राहिली नाही. नाटकमंडळीतला कोणी 'आम्ही यंदा नाटक बसवतोय' म्हणाला की गुणाजी विचारी, "कितके दिवस बसतला? फुटाक नाय म्हणजे मिळवली."

पुढे बराच काळ तो रस्त्यावर नाचला नाही. काय करतोस विचारलं की म्हणायचा, "घोडो न्यूट्रलात आणतंय. पयल्या गियरात सगळे घोडे नाचतत." पांगाऱ्याच्या लाकडाचं घोड्याचं तोंड त्याने स्वतः कोरलं. ते सुंदर होतं असं म्हणवत नाही. त्या घोड्याच्याही भुवया गुंतलेल्या होत्या.

याच सुमारास राजभाषेचा वाद पेटला. कोंकणी की मराठी, यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचं जेवण सोडलं. माझी स्थिती विचारू नका. घरात आईशी बोललो ते कोंकणीत, शाळेत शिकलो ते मराठीत, आणि कर्णा दोन्ही बाजूंना भाड्याने देत होतो. मत माझं मराठीच्या बाजूचं, पण ते मी दुकानाबाहेर पडू दिलं नाही. गुणाजीचा ट्रक दुकानावरून जायचा. दारातून अर्धा बाहेर लोंबकळत तो ओरडायचा, "सकाळी एक भास ओकतंस, सांजे दुसरी! तुझ्या भोंग्याक पोट एक का दोन रे?" मी आत मान घालून वायरी गुंडाळायचो. खरं बोलल्याचा राग जास्त येतो.

एकदा दुकानात दोन्ही बाजूंचे दोन पुढारी एकाच वेळी आले. दोघांनाही मिरवणुकीत गुणाजी हवा होता, कारण तो नाचला की गर्दी जमते. एक म्हणाला, हा नाच आमच्या भाषेचा. दुसरा म्हणाला, आमच्या. गुणाजी घोड्याचं तोंड रंगवायला रंग मागायला आला होता. त्याने ते तोंड टेबलावर ठेवलं.

"तेकाच इचारा. खंयची भास बोलता बघा."

दोघंही क्षणभर खरंच घोड्याकडे बघत राहिले. एकाने तर थोडं वाकून पाहिलं.

"नाय बोलणा मां? मगे चला. पायांक जीब नाय."

आता ती मिरवणूक. शिगमा होता, उन्हं कलली होती, बाजार माणसांनी फुलला होता. वाद होताच, पण त्या संध्याकाळी गुलालाने सगळ्यांची तोंडं सारखी झाली होती. मी कट्ट्यावर माईक घेऊन उभा. मेळ येत होते, मी नावं सांगत होतो. आणि शेवटी गुणाजी आला. एकटा. सोबत एक ढोलवाला, तोही भीत भीत वाजवणारा.

तो रस्त्याच्या डाव्या अंगाला होता. घोडा उसळत पुढे आला आणि थांबला. तलवार खाली. मान सावकाश उजवीकडे वळली. मग घोडा मागे जाऊ लागला. पुढे येणारे घोडे आम्ही जन्मभर बघितले होते. हा एकेक टाच जपून टाकत मागे सरत होता, जसा ट्रक अरुंद जागेत मागे घेतात तसा. पुन्हा पुढे, पुन्हा थांबला, आणि उजव्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याला त्याने वळसा घातला. त्या मोकळ्या जागेत त्याचं पाऊल एकदाही पडलं नाही.

बाजार गप्प झाला. कोणी शिट्टी मारेना. आज मला कळतं की ते गप्प होणं म्हणजे काय होतं. पण माईकवाल्याला शांतता पसरली की वायर तुटल्यासारखं वाटतं. बिचारा एकटा पडलाय, जोडीदार मिळाला नाही, लोक आता हसतील, असं मनात आलं, आणि मी त्याला वाचवायला निघालो.

"मंडळी, घोडा कधी एकटा नाचतो का? आपली परंपरा काय सांगते? आहे का कोणी मर्द? गुणाजीची जोडी पुरी करा!"

पुढे गेलेल्या मेळातला एक जाडगेला घोडेस्वार परत फिरला आणि धाडकन उडी मारून त्या उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत शिरला. ढोलवाल्याला हायसं वाटून त्याने नेहमीचा ठेका धरला. बाजार ओरडला. मीही ओरडलो, "झाली जोडी पुरी!"

गुणाजी थांबला. त्याने आधी त्या माणसाच्या पायांकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने कमरेची दोरी सोडली. पुढचं सांगितलंच आहे.

त्यानंतर त्याचा ट्रक दुकानावरून गेला की दारावर हात आपटून तो एकच वाक्य ओरडायचा, "जोडी पुरी झाली काय रे, भोंग्या?" दर खेपेला. भरलेला जाताना आणि रिकामा येताना. गिऱ्हाईकं विचारायची, हा काय म्हणतो? मी म्हणायचो, वेडा आहे. मलाही राग होता. मी काय वाईट केलं होतं? परंपरेचंच बोललो होतो ना? पुढच्या शिगम्याला तो आला नाही. त्याच्या नंतरच्या शिगम्यालाही आला नाही. मी माईकवरून नावं सांगत राहिलो आणि रस्त्याच्या उजव्या बाजूकडे बघायचं टाळत राहिलो.

मग घटकराज्य झालं. भाषेचाही काहीतरी निकाल लागला, ज्याने कोणाचंच पोट भरलं नाही, पण लोक पुन्हा एकमेकांकडे जेवू लागले. पुढचा शिगमा जोरात करायचा ठरला. शिगम्याचे समितीवाले म्हणाले, गुणाजीला आण, तुझ्यामुळे गेला, तूच आण. मी मोटारसायकल काढून लाटंबार्सेला गेलो. रविवारची सकाळ होती, खाण बंद.

घर काजूच्या झाडांमागे. गाडी खालीच लावून मी चढ चढू लागलो आणि आवाज ऐकू आला.

"येवं दी... येवं दी... येवं दी... राव!"

ट्रक मागे घेताना क्लीनर देतात तो 'येऊ दे, थांब'चा इशारा. पण तो बाईचा आवाज होता.

मी कुंपणाशी थांबलो. अंगणात गुणाजी होता, घोड्याशिवाय, नुसती दोरी कमरेला. आणि त्याच्या उजव्या हाताला शेवंती. बूड गेलेली भाजीची टोपली तिने कमरेत अडकवली होती आणि दोन्ही हातांनी धरली होती. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला. मान ताठ. बाजारात खाली घातलेली ती मान हीच, यावर माझा विश्वास बसेना.

ती पुढे यायची तेव्हा तो मागे सरायचा. तो उसळायचा तेव्हा ती थांबून त्याला जोखायची. मग ती जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि तो तिच्याभोवती वळसा घालायचा. "अरे, टाच! टाच खंय टाकतंस? माझ्या लुगड्यार?" ती ओरडत होती आणि तो, गुणाजी, सगळ्या बाजाराला कापरं भरवणारा गुणाजी, "बरा, बरा, परत" म्हणत होता.

बाजारात तो मागे का जात होता ते मला तिथे, कुंपणाला धरून, कळलं. ती पुढे येत होती. जोडी पहिल्यापासून पुरीच होती. आणि मी तिच्या अंगावर एक जाडगेला घोडा घातला होता.

कुंपणाची काठी मोडली. शेवंतीने मला बघितलं आणि टोपलीसकट घरात धावली. टोपली दारात अडकली. गुणाजीने तिला आत ढकललं आणि माझ्याकडे वळला.

"कित्याक इलंस? जोडी पुरी करूक?"

"गुणाजी, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं."

"हंय कोण ऐकता?" तो काजूच्या झाडांकडे हात करून म्हणाला. "चूक भोंग्यातसून केलंस आणि माफी तोंडान मागतंस?"

बराच वेळ तो मला, माझ्या कर्ण्याला, समितीला आणि परंपरेला शिव्या देत होता. सगळ्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. परंपरेबद्दलची तेवढी लिहितो. "परंपरा, परंपरा! तिका कोणी तरी पयल्यान उठयली असतली मां? तेव्हा तुझ्यासारखो भोंगो थंय नव्हतो, म्हणान ती उठली!"

मग अचानक त्याचा आवाज उतरला. तो अंगणातल्या दगडावर बसला. त्याला बसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मी तरी काय केलंय? सगळ्यांक सांगलंय, नाच माझो, नाच माझो. अर्धो हिचो. मागे जावचा हिणाच शिकवल्यान. मी म्हटलंय घोडो मागे जाय नाय, हिणा म्हटल्यान, ट्रक जाता, मगे घोडो कित्याक नाय? पण बायलेचा नाव घेवक जिबेक लाज वाटली." त्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "पायांक नाय वाटली. तेंनी जागा सोडली. रस्त्यार सोडली, बाजारात सोडली. मी म्हणतंय गो बाजूक ये, बाजूक ये. ही येणा नाय."

तेव्हा आतून, जनेलामागून म्हणजे खिडकीआडून, आवाज आला. "भाऊ, तेंका सांगा, बाजारात माझ्या नावान बोंब मारू नका. माका लज येता. बाजूक चलूक मी काय मडमीण?"

"बघलंस?" गुणाजी म्हणाला. रागाने म्हणाला, पण तो राग मी कधी ऐकला नव्हता.

मी जनेलाकडे तोंड करून विचारलं, "वहिनी, मी माईकवरून तुमचं नाव घेतलं तर चालेल का?"

आत भांडं आपटलं. मग आवाज आला, "घेवा तर घेवा. पण 'बसयलो' म्हणू नका हां. हे रातभर झोपूक देवचे नाय."

शिगम्याला उन्हं कलताना गुणाजी आला. एकटा. तेच गुंतलेल्या भुवयांचं घोड्याचं तोंड, तीच डावी बाजू. बाजार खच्चून भरलेला, आणि मागच्या विनोदाची आठवण असलेले लोक आधीच दात काढून तयार. तो जाडगेला घोडेस्वारही कट्ट्याजवळ उभा होता, बोलावलं तर जायला एका पायावर तयार. दूर, पोदेराच्या दुकानाशी, तांबड्या भाजीची टोपली दिसत होती. टोपलीखालचा चेहरा गर्दीत दिसत नव्हता.

मी माईक उचलला. त्याच्यावर टिचकी मारली, कर्ण्यातून खरखर झाली.

"मंडळी, रस्त्याची उजवी बाजू मोकळी करा. तिथे कोणी उभं राहू नका. ती जागा रिकामी नाही. मागे याच ठिकाणी मी जोडी पुरी करा म्हणालो होतो. जोडी पुरीच होती, माझे डोळे अर्धे होते. वर मी हसलो आणि तुम्हाला हसवलं. हा नाच परंपरेचा नाही. हा लाटंबार्सेच्या शेवंतीने आणि गुणाजीने उठवलेला नाच आहे. गुणाजी, वहिनी, माझं चुकलं. मला माफ करा."

कोणी हसलं नाही. जाडगेला घोडेस्वार दोन पावलं मागे सरकला. गुणाजी जागचा हलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मान मागे वळवून पोदेराच्या दुकानाकडे बघितलं, आणि तलवार माझ्यावर रोखून ओरडला,

"मोठ्यान सांग मेल्या! तिच्या कानापर्यंत जावक व्हया!"

मी आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली आणि पहिल्यापासून, तिचं नाव आधी घेऊन, पुन्हा सगळं म्हणालो.